वाऱ्याशी तह

नदीच्या वाहत्या पाण्यात बांबूची एखादी काठी उभी रोवून पाहावी. तिच्या पुढच्या अंगास पाणी किंचित चढते आणि दोन्ही बाजूंनी फाटून निघते. परंतु खरी खळबळ दिसते ती काठीच्या मागे. तेथे भोवरे उठतात आणि फिरत फिरत दूरवर वाहत जातात. हे भोवरे फुकट उठत नाहीत. पाणी स्थिर असून काठीच धावती असेल, तर त्यांना फिरविण्याची शक्ती काठी ढकलणाऱ्याच्या अंगातून खर्च होते. हवेतून जाणाऱ्या विमानाचीही हीच कथा आहे.

भाल्याचे टोक आणि बाणाचे अग्र यांच्या सवयीने मनुष्याची अशी समजूत झाली होती, की वेगाने जाणाऱ्या वस्तूचे तोंड तेवढे अणकुचीदार असावे. या समजुतीस विमानविद्येत प्रथम धक्का दिला तो यॉर्कशायरमधील सर जॉर्ज केली यांनी. इ. स. १८०९ च्या सुमारास त्यांनी ट्राउट जातीच्या माशाचा घेर डोक्यापासून शेपटीपर्यंत जागोजाग मोजला आणि त्यावरून कमीत कमी विरोध सोसणारा आकार काढला. हा आकार पुढे बोथट व गोलसर, आणि मागे हळूहळू निमुळता होत जाणारा होता. विरोध कमी करण्याच्या कामी मागच्या भागाची घडण पुढच्या भागाइतकीच महत्त्वाची आहे, असे त्यांनी १८१० साली छापून प्रसिद्ध केले.

हे ज्ञान शंभर वर्षांहून अधिक काळ जवळजवळ पडून राहिले. १९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाले ते लाकडी दांडे, कापड आणि तारा यांचा पिंजरा होऊनच. त्यात त्यांचा दोष नव्हता. वेग अल्प होता, आणि हलके पण मजबूत पंख उभारण्यास तारांसारखा दुसरा उपाय नव्हता. पुढे इंजिने बलवान झाली, तरी पिंजरा तसाच राहिला. वेग दुप्पट करावा तर हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट होते, हा हिशेब मात्र कोणासही चुकला नाही. गोल तार दिसण्यात किती क्षुद्र! परंतु तिच्या दहापट जाडीचा, पण माशाच्या आकाराचा दांडा हवेत धरला, तर दोहोंस होणारा विरोध जवळजवळ सारखाच भरतो. अशा अनेक तारा घेऊन विमाने उडत होती.

असे का होते, याचा उलगडा जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेत एका छोट्या निबंधात केला. वस्तूच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो. त्यास सीमास्तर म्हणतात. पृष्ठभाग मागे सावकाश उतरत गेला, तर हा थर त्यास धरून राहतो. उतार एकदम तुटला, तर थर सुटतो, मागे भोवरे माजतात आणि तेथील कमी दाब वस्तूस मागे खेचतो.

तरीही विमान बांधणाऱ्यांना जाग आणण्यास एका हिशेबनिसाची गरज होती. ते काम केंब्रिजचे प्राध्यापक मेल्विल जोन्स यांनी केले. १९२९ साली त्यांनी रॉयल एरोनॉटिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. भोवऱ्यांचा खर्च पूर्णपणे टाळणाऱ्या आदर्श विमानास किती वेगासाठी किती शक्ती लागेल, याची एक रेघ त्यांनी आलेखावर काढली आणि त्याच आलेखावर प्रत्यक्षातील विमाने ठिपक्यांनी दाखविली. रेघ आणि ठिपके यांमधील अंतर म्हणजे निव्वळ उधळपट्टी! वाया जाणाऱ्या शक्तीचा आकडा असा डोळ्यांपुढे आल्यावर जुन्या रीतीचे समर्थन करणे कठीण झाले.

त्याच सुमारास अमेरिकेत लँगले येथील प्रयोगशाळेत फ्रेड वाइक व त्यांचे सहकारी प्रचंड वातविवरात, म्हणजे कृत्रिम वारा वाहविणाऱ्या बोगद्यात, उघड्या इंजिनाभोवती धातूचे आच्छादन बसवून पाहत होते. इंजिन थंड राहावे आणि विरोधही घटावा, अशी दुहेरी अट होती. ती साधली. एका कर्टिस विमानाचा वेग, इंजिन तेच असता, ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला. पुढे चाके पोटात ओढून घेण्याची सोय आली, तारा गेल्या आणि १९३५ च्या डिसेंबरात डग्लस डी. सी. ३ हे गुळगुळीत अंगाचे विमान आकाशात चढले.

आपल्या देशाने हे स्थित्यंतर प्रत्यक्ष पाहिले आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईस उतरले, ते ‘पस मॉथ’ विमानातून. त्याची बैठक बंदिस्त होती, पण चाके उघडीच होती. त्या चाकांच्या दांड्यांवरील आवरणे आडवी फिरविली की ती वारा अडवीत आणि उतरताना वेग आवरीत. नेहमीचा शत्रू असा घटकाभर सेवक होई! पुढे १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत चार दिशांची विमाने नागपुरास एकत्र येत. त्यांत हीच डी. सी. ३, आपल्या ओळखीची डाकोटा, होती.

भोवरे आवरले, तरी हवेचे अंगाशी होणारे घर्षण उरतेच. हे सूक्ष्म घर्षण सरळ मोजण्याचे अवघड काम कॅलिफोर्नियात करून १९५१ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत रुजू झाले ते सतीश धवन. पुढे देशाच्या अवकाश-कार्याची धुरा त्यांनी वाहिली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी हा हवेचा स्पर्श मोजला होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

सर जॉर्ज यांनी माशाच्या अंगाभोवती दोरी धरली तेव्हा विमान अस्तित्वात नव्हते. उत्तर आधी आले आणि प्रश्न मागाहून उभा राहिला. बळ वाढविण्याचा मोह मोठा असतो. आपण विनाकारण विरोध कोठे ओढवून घेतो, हे मोजून पाहण्यास मात्र धीर लागतो. तो धीर येईपर्यंत मधली शंभर वर्षे गेली.