अंगणातली शिल्लक

लहान मुलांचा कंटाळा हे चालू खातं आहे. सकाळी कितीही भरणा करा, दुपारी दोनला शिल्लक शून्य. हा सिद्धान्त मला बी.कॉम.ला कुणी शिकवला नाही. गेल्या मे महिन्यात सासूबाई आजारी पडल्या, सौ. एकटीच जालन्याला गेली आणि मी चार दिवसांची रजा टाकून बिडकीनच्या घरी दोन लेकरं सांभाळायला बसलो, तेव्हा तो माझा मलाच सापडला. मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीन.

बँकेतल्या माणसाचा वेळापत्रकावर फार विश्वास. मी एका बाद व्हाउचरच्या पाठीवर कार्यक्रम आखला. नऊ ते दहा मुळाक्षरे, दहा ते अकरा अंक, अकरा ते बारा बौद्धिक खेळ. सव्वानऊला कमळातला ‘क’ संपला. साडेनऊला चिरंजीवांनी भोकाड पसरलं. पावणेदहाला मी खिशातला मोबाइल काढून त्यांच्या हाती दिला आणि घरात, हिशेब न जुळल्यावर आमच्या शाखेत पसरते तशी शांतता पसरली.

आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

“काहून रे, लेकरं अशी गुमान काहून बसली? ताप तर नाही ना आला?”

मोबाइल पाहिल्यावर तिने तो काढून माझ्याच हातात दिला आणि दोघांना अंगणात नेलं. मुलीपुढे पसाभर चिंचोके टाकले. धाकट्याला तांब्याभर पाणी आणि माती दिली. कारण चिंचोका तो नाकात घालतो.

मी हां हां करत धावलो. बिडकीनच्या आसपास ऑरिकची औद्योगिक वसाहत आली, तेव्हापासून गावात जमिनींचे पैसे आले आणि गाड्याही आल्या. माझी जमीन गेली नव्हती, पण गाडी मात्र आली होती. कर्मचाऱ्यांसाठीच्या सवलतीच्या कर्जावर. ती उभी करायला सोमवारी गवंडी येऊन सगळ्या अंगणाला सिमेंट करणार होता. म्हणून अंगण झाडूनपुसून तयार ठेवलेलं, आणि त्यात हा चिखल!

“सोमवार येऊ तर दे,” आई म्हणाली.

रात्री मुलं झोपल्यावर, आरोपीला जसा कायदा वाचावासा वाटतो, तसा मी बालशिक्षणाचा इतिहास वाचायला घेतला. पहिल्यांदाच भेटले ते गिजुभाई बधेका. हेही माझ्यासारखेच काळजीत पडलेले बाप, फक्त पेशाने वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं, या विचारात त्यांच्या हाती माँटेसोरीबाईंचे विचार आले आणि वकिली सुटली ती सुटलीच. 1920 साली भावनगरला त्यांनी बालमंदिर काढलं. मुलांवर इतकी माया, की लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. मिशी मलाही आहे. पुढचं जमत नाही.

त्यांना 1923 मध्ये येऊन मिळाल्या मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून, लेकीला घेऊन त्या भावनगरला गेल्या. आमच्याकडे शिपायाची बदली झाली तरी तीन अर्ज होतात. इथे बाई स्वतःच खुर्ची सोडून लहान मुलांत जाऊन बसल्या! 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला.

पण मला आरपार लागला तो 1945 चा प्रसंग. समुद्रकाठच्या बोर्डी गावात ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली. गरीब वस्तीतली मुलं काही येईनात. कशी येणार? कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाला घरचं काम. मी असतो तर ‘खातेदार गैरहजर’ असा शेरा मारून फाइल बंद केली असती. या बाया वस्तीत गेल्या. तिथल्याच अंगणात पोरांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. माँटेसोरीची साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर गेलं. सरकारी योजनांची नावं सहसा कार्यालयात जन्मतात. हे एक अंगणात जन्मलं. आणि मी त्या अंगणावर सोमवारी सिमेंट ओतणार होतो.

दुसऱ्या दिवशी मी व्हाउचर फाडलं आणि चिखलात बसलो. मुलीशी बँक-बँक खेळलो. तिने वीस चिंचोके ठेवले आणि संध्याकाळी पंचवीस मागितले. रोजचं पंचवीस टक्के व्याज! बँक बुडाली, पण पोरीला पाच-पाचचे ढीग मोजता येऊ लागले. धाकट्याने एक हत्ती केला. तेव्हा आईने शालिवाहनाची गोष्ट सांगितली. पैठण हे आमच्या तालुक्याचं गाव. तिथे कुंभाराच्या घरी वाढलेल्या या पोराने मातीचे हत्ती, घोडे, शिपाई केले, त्यांत प्राण फुंकले आणि विक्रमाला हरवलं, अशी दंतकथा आहे. इतिहासकार ती मानणार नाहीत. मी मानली. त्या कुंभाराच्या अंगणात सिमेंट असतं, तर विक्रमाचं काम किती सोपं झालं असतं!

सोमवारी गवंडी आला. मी त्याला अर्ध्याच अंगणाचं काम सांगितलं. जालन्याहून परतल्यावर सौ.ने आधी अंगणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अहो, पैसे संपले का?”

“नाही. अर्धं लेकरांच्या नावावर ठेवलंय.”

तिने काही न बोलता धाकट्याचे मातीने भरलेले हात पाहिले आणि पदर खोचून त्याच्याजवळ बसली.

आता गाडी अर्धी सिमेंटवर, अर्धी गल्लीत उभी असते. बॉनेटवर रोज एखादा मातीचा हत्ती वाळत ठेवलेला असतो. त्यात अजून प्राण आलेला नाही. पण सकाळी बँकेत जायच्या वेळी तो गाडीत तरी कुठे लवकर येतो!