शेजाऱ्याची भाषा

इंग्रजीसारखी जगभर चालणारी भाषा बोलणारा माणूस भाषेमुळे एकाकी पडू शकतो, हे आपल्याला सहसा पटत नाही. कॅनडातील क्विबेक प्रांताचा इतिहास मात्र तेच सांगतो.

१७५९ मध्ये इंग्रजांनी क्विबेक शहर जिंकले आणि १७६३ च्या पॅरिस तहाने ही फ्रेंच वसाहत ब्रिटिशांकडे गेली. फ्रेंच रयत तेथेच राहिली. १७७४ च्या कायद्याने तिचा कॅथलिक धर्म आणि दिवाणी कायदाही टिकला. व्यापार मात्र इंग्रज आणि स्कॉटिश व्यापाऱ्यांच्या हाती गेला. मॉन्ट्रियलमध्ये त्यांच्या बँका, इस्पितळे, १८२१ मध्ये स्थापन झालेले मॅक्गिल विद्यापीठ, सारे वेगळे उभे राहिले. शाळाही धर्मानुसार विभागल्या होत्या: प्रॉटेस्टंट शाळा इंग्रजी, कॅथलिक शाळा बहुतांशी फ्रेंच. शेजाऱ्याची भाषा न शिकताही इंग्रजी माणसाचे आयुष्य सुखाने जात होते. ह्यू मॅक्लेनन यांनी १९४५ मध्ये आपल्या कादंबरीला ‘दोन एकांत’ अशा अर्थाचे नाव दिले आणि ते नावच पुढे वाक्प्रचार झाले.

हा एकांत सारखा नव्हता. १९६१ च्या आकडेवारीत क्विबेकमधील फ्रेंच भाषक पुरुष उत्पन्नाच्या यादीत जवळजवळ तळाशी होते. आपल्याच प्रांतात वरच्या नोकरीसाठी त्यांना इंग्रजी लागत असे. साठच्या दशकात हा असंतोष उफाळून आला.

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्हाला या इतिहासातले एक छोटे पान फार मोलाचे वाटते. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट-लँबर्ट गावातील इंग्रजी भाषक पालकांनी आग्रह धरला आणि १९६५ मध्ये तेथे बालवाडीचा एक वर्ग सुरू झाला. त्यात इंग्रजी घरांतील मुलांना पहिल्या दिवसापासून फ्रेंचमधून शिकवले जाई. कायद्याची सक्ती येण्यापूर्वीच या पालकांनी शेजाऱ्याच्या दारावर थाप मारली होती.

सक्ती आली १९७७ मध्ये. फ्रेंच भाषेच्या सनदेने दुकानांच्या पाट्या केवळ फ्रेंच केल्या. क्विबेकमध्येच इंग्रजीतून प्राथमिक शिक्षण घेतलेल्या आईबापांच्या मुलांपुरतेच इंग्रजी शाळांचे दार उघडे ठेवले. प्रांत कॅनडातून फुटेल ही धास्तीही होतीच. अनेक कुटुंबे टोरांटोकडे गेली. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण १९७१ मध्ये सुमारे १३ टक्के होते, ते २००१ मध्ये ८ टक्क्यांच्या आसपास आले. शाळा ओस पडल्या, मुले दूर गेली, जुन्या घरांत म्हातारी माणसे उरली.

१९९३ मध्ये पाट्यांवर फ्रेंच ठळक ठेवून इतर भाषांना परवानगी मिळाली. २०२२ च्या कायद्याने पुन्हा बंधने वाढवली. मागे राहिलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक २००१ पर्यंत फ्रेंच बोलू लागले होते. तरी कित्येकांना परकेपण जाणवतच राहिले. दोनशे वर्षांचा अबोला केवळ व्याकरण शिकून मिटत नाही. सेंट-लँबर्टचा वर्ग शंभर वर्षे आधी भरला असता तर काय झाले असते, असे आम्हाला राहून राहून वाटते.