पित्ताशयात खडे का होतात? आणि ‘फक्त खडे काढा’ असं का चालत नाही?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘गॉलब्लॅडर स्टोन’ दिसले की बहुतेक घरांत एकच प्रश्न येतो : खडे तेवढे काढा, पिशवी कशाला काढायची? याचं उत्तर खडे तयार कसे होतात यात आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. छातीत जळजळ झाली की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो, पण तो जठरातल्या आम्लाचा त्रास असतो. खरं पित्त यकृतात तयार होतं. ते यकृताखालच्या पित्ताशयात साठतं. या पिशवीत जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावतं, म्हणून ती पित्तातलं पाणी शोषून ते कित्येक पट दाट करते. तेलकट-तुपकट खाल्लं की आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं, पित्ताशय आकसतं आणि पित्त आतड्यात उतरतं.

खडा कसा बनतो?

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तातले क्षार आणि लेसिथिन त्याला धरून ठेवतात. यकृताने कोलेस्टेरॉल जास्त सोडलं की हा तोल बिघडतो. पाकात साखर जास्त झाली की खडीसाखर धरते, तसे इथे स्फटिक धरू लागतात.

पण एवढ्याने खडा होत नाही. पुढचं काम पित्ताशयात होतं :

• पित्त दाट झाल्याने स्फटिक धरायला वाव मिळतो.
• पिशवीचं अस्तर म्युसिन नावाचा चिकट पदार्थ सोडतं. त्यात स्फटिक अडकतात.
• जास्तीचं कोलेस्टेरॉल भिंतीत मुरलं की तिचे स्नायू सुस्तावतात. पिशवी नीट रिकामी होत नाही, गाळ साचतो आणि त्याचेच पुढे खडे होतात.

म्हणूनच गरोदरपणात, दीर्घ उपासात किंवा झपाट्याने वजन उतरवताना धोका वाढतो. या काळात पित्ताशय मंदावतं.

मग पिशवी का काढतात?

१८८२ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. त्यांचा युक्तिवाद सोपा होता : पिशवीत खडे आहेत यापेक्षा ती खडे तयार करते, हे तिला काढण्याचं कारण आहे. नुसते खडे काढले किंवा औषधाने विरघळवले, तर अनेकांना ते पुन्हा होतात. पिशवी काढल्यावर पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरतं आणि बहुतेकांचं पचन व्यवस्थित चालतं.

व्हॉट्सॲपवरचे उपाय?

भरपूर पाणी पिऊन मुतखडा पडू शकतो, कारण पाणी लघवीवाटे जातं. पित्ताशयाला तो मार्ग नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्यायल्यावर शौचातून पडणाऱ्या हिरव्या गोळ्या खडे नसतात, त्या तेलापासून पोटातच बनलेल्या साबणासारख्या गाठी असतात.

खडे आहेत पण त्रास नाही, अशा बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र बरगडीखाली उजवीकडे तीव्र कळ, सोबत ताप किंवा डोळे पिवळे झाले, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. खडा नळीत अडकला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.