इजिप्तचा मोजा, बुर्गोसची उशी

या थंडीत लेकीनं लोकरीची गळपट्टी विणायला घेतली आहे. जाळीचे पट्टे, त्यांच्या मधून वेणीसारखा पीळ, आणि सगळं गोल. काऊल म्हणतात तिला. मफलरसारखी टोकं नसतात, डोक्यावरून घातली की गळ्याभोवती बसते. तिची फुप्पी बघून म्हणाली, "हे मडमांचं काम. आपल्यात कुठं होतं?"

फुप्पीचं निम्मं खरं आहे. आपल्याकडे हे काम इंग्रज बायकांकडून आणि मिशनच्या शाळांतून पसरलं. पण त्या मडमांपर्यंत ते कुठून पोचलं?

आधी एक घोळ मिटवू. मराठीत पैठणीही विणतात आणि स्वेटरही विणतात. पैठणीला माग लागतो, उभे-आडवे धागे लागतात. स्वेटरला एकच धागा आणि दोन सुया. एका फासातून दुसरा फास ओढत जायचं, बस्स. म्हणून तर एक टाका निसटला की खालपर्यंत उसवत जातो. काश्मीरची शाल मागावरची, तिचा इथं संबंध नाही.

या दुसऱ्या प्रकारचे जे सर्वांत जुने नमुने आज हाती आहेत, ते इस्लामी काळातल्या इजिप्तचे. सुती मोजे, पांढरे आणि निळीत रंगवलेले. वॉशिंग्टनच्या टेक्स्टाइल म्युझियममधला एक मोजा इ.स. 1000 ते 1200च्या दरम्यानचा मानतात. दोन रंगांचे धागे एकाच ओळीत खेळवून नक्षी काढलेली, आणि तीही गोल विणीत, कुठेही शिवण नाही. हे कुणा नवशिक्याचं काम नव्हे. त्याआधी बरीच वर्षं हात बसलेला असणार.

अशा काही मोज्यांवर कूफी वळणाचा पट्टा आहे. कुणी तो 'अल्लाह' असा वाचतात, कुणी म्हणतात की ती अक्षरांसारखी दिसणारी नुसती नक्षी आहे. पायातल्या वस्तूवर अल्लाहचं नाव, हे माझ्या मनाला पटत नाही, म्हणून मी दुसऱ्या बाजूला झुकतो. पण माझं मन हा काही पुरावा नव्हे.

पुढचा मुक्काम स्पेन. बुर्गोसजवळच्या लास वेल्गास मठात कास्तीयचा राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा पुरला आहे. तो 1275 साली वारला. त्याच्या थडग्यात रेशमी धाग्यानं विणलेली उशी निघाली. इंचाला वीसेक टाके, इतकी बारीक वीण. लेकीच्या गळपट्टीत इंचाला चार-पाच असतील. त्या उशीवर गरुड आहेत, किल्ले आहेत, म्हणजे ख्रिस्ती राजघराण्याची चिन्हं. आणि काठावर कूफी अक्षरांत पुन्हा पुन्हा 'बरका'. आपली बरकत. मुसलमान कारागिरांनी ती विणली असं अभ्यासक मानतात. राजा त्यांच्याशी लढत होता आणि मुलाच्या डोक्याखाली त्यांच्याच हातची उशी ठेवत होता. त्या कारागिराचं नाव कुठंच नाही.

मग युरोपनं ही विद्या उचलली आणि खूप पुढं नेली, हेही तितक्याच मोकळेपणानं सांगायला हवं. गोल विणताना नुसत्या सुलट टाक्यांवर भागतं. पीळ उठून दिसायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना उलटे टाके लागतात. 1562 साली वारलेल्या फ्लॉरेन्सच्या एलेनोराच्या रेशमी मोज्यांत उलटे टाकेही आहेत आणि जाळीही. 1589 मध्ये विल्यम लीनं मोजे विणायचं यंत्र काढलं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या बायकांनी अंगठीतून आरपार जाईल अशी जाळीची शाल विणली.

पिळाची गोष्ट मात्र गमतीची आहे. आयर्लंडच्या अ‍ॅरन बेटांवरचे पिळाचे स्वेटर हजार वर्षांपूर्वीच्या धर्मग्रंथातल्या नक्षीवरून आले, असं हाइन्झ कीवे या ऑक्सफर्डच्या लोकर-व्यापाऱ्यानं लिहिलं. लोकांना ते आवडलं. प्रत्यक्षात ते स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे.

असल्या कथा आपणही रचतो. सुईवरचे टाके उजवीकडून डावीकडे जातात, अरबीही तशीच लिहितात, म्हणून विणकाम अरबांनी शोधलं, असं मला एकानं छातीठोकपणे सांगितलं होतं. उजव्या हातानं काम करणारा कुणीही तसंच विणेल! आणि इजिप्तमध्येच इस्लामच्या आधीचे, चप्पल घालण्यासाठी अंगठा वेगळा केलेले लोकरी मोजे सापडले आहेत. ते एकाच सुईनं, वेगळ्या पद्धतीनं केलेले. त्यांना बरीच वर्षं विणलेलेच समजत होते. तेव्हा पहिला टाका आमचाच, असा दावा मी करणार नाही. हाती आहेत ते सर्वांत जुने नमुने त्या मुलखातले, इतकंच.

फुप्पीला मी उशीचा फोटो दाखवला. कूफी अक्षर तिला लागेना. सांगितल्यावर चष्मा वर करून तिनं काठावर बोट फिरवलं, "बरकत..." मग लेकीच्या हातातली गळपट्टी ओढून घेतली आणि पिळापाशी थांबली.

"इथं एक टाका निसटलाय. सुई दे."