समाज, विहारयात्रा आणि नगरोत्सव

पहिल्या गिरिलेखात सम्राट अशोकाने 'समाज' भरवू नयेत असे फर्माविले आहे. येथे 'समाज' म्हणजे उत्सवी मेळे होत. एवढ्यावरून अशोक उत्सवविरोधी होता असे सांगणारे आढळतात. परंतु काही समाज राजास चांगले वाटतात, असेही त्याच लेखात लगेच पुढे कोरलेले आहे. ते वाक्य वगळून केलेला निष्कर्ष आम्हांस मान्य नाही.

चौथ्या गिरिलेखात भेरीघोषाचा धम्मघोष झाल्याचे सांगून विमाने, हत्ती व अग्निस्कंध प्रजेस दाखविल्याचा उल्लेख येतो. (अग्निस्कंध म्हणजे नेमके काय, यावर पंडितांत मतभेद आहेत.) देखावा राहिला, रणभेरी गेली. आठवा लेख याहून बोलका आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रेस निघत. अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि तेथून धम्मयात्रा सुरू झाली. तीत श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांना धन आणि ग्रामीण जनतेची भेट. या लेखाचा तुकडा १८८२ साली पं. भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे मिळाला. म्हणजे हा पालट आपल्या किनाऱ्यावरील बंदरातही जाहीर झाला होता.

पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियानने पाटलिपुत्रात बुद्धमूर्तींची रथयात्रा पाहिली. बांबूचे पाच मजली, चार चाकांचे सुमारे २० रथ, रात्रभर दिवे आणि संगीत! त्याच वर्णनाला लागून तो वैश्य कुटुंबांनी चालविलेल्या धर्मार्थ औषधालयांची हकीकत देतो. ही जोड आम्हांस महत्त्वाची वाटते.

विजयादशमी हा शस्त्रपूजेचा व सीमोल्लंघनाचा दिवस. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशोकाचे स्मरण ठेवून त्याच दिवशी धम्मदीक्षा घेतली व लाखोंना दिली.

आज जयंतीच्या मिरवणुकांत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात. आक्षेप घेतला की परंपरेस धक्का लागतो, असे काही मंडळे म्हणतात. या भिंतींची परंपरा ती किती जुनी? केवळ आमच्याच मिरवणुकीचा आवाज ज्यांना खटकतो, त्यांच्याशी आमचा वाद वेगळा आहे. रस्त्यावरून सन्मानाने चालण्याचा हक्क पिढ्यांच्या लढ्याने मिळाला. तो सोडावयाचा नाही. मिरवणूक निघावी, चित्ररथ असावेत, दिवे असावेत. भिंतीच्या भाड्याचा पैसा मात्र त्याच वाटेवरील औषधोपचार केंद्राकडे व वस्तीतील अभ्यासिकेकडे वळवावा. येत्या १४ एप्रिलपूर्वी मंडळांच्या बैठकांत हा विषय प्रथम घ्यावा, अशी आमची सूचना आहे.