घड्याळाचें वय आणि घड्याळाचें मोल

जगांतील जुन्या घड्याळांच्या बाजारांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द रूढ आहे, आणि तो गौरवाचा नाहीं. तबकडी पुसून नव्यानें रंगविलेली, काटे एका घड्याळाचे, चाकें दुसऱ्याचीं, पेटी तिसऱ्याची, असें जें घड्याळ जुनें व अस्सल म्हणून विकावयास येतें, त्यास परदेशचे संग्राहक हें नांव देतात. हा शब्द आमच्या शहराच्या पदरीं कां पडला, याचा शोध घेऊं लागल्यास तो केवळ लबाडीचा इतिहास नाहीं असें दिसून येतें. आणि जुनें घड्याळ मोलाचें कीं नवें, या सध्यां सुशिक्षित घरांतून वारंवार निघणाऱ्या प्रश्नाचें उत्तरहि त्या इतिहासांतच बरेंचसें सांपडतें.

येथें बोलावयाचें तें क्रोनोग्राफ या जातीच्या घड्याळांविषयीं. नित्याची वेळ दाखवीत असतांच, कळ दाबली कीं क्षणांचें स्वतंत्र मोजमाप करणारें तें क्रोनोग्राफ घड्याळ. शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'काळ लिहिणारा', आणि या नांवाचें आरंभींचें यंत्र खरोखरच लिहीत असे. १८२१ सालीं पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतींत निकोला रिउसेक यानें तें वापरलें. घोडा रेषा ओलांडतांच फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडे. पुढें शाई गेली आणि १८४४ सालीं आदोल्फ निकोल यानें पेटंट घेतलेली हृदयाच्या आकाराची चकती आली. काटा कोठेंहि थांबलेला असो, कळ दाबली कीं एक लहानसा दांडा त्या चकतीच्या कडेवर आपटतो, चकती वळून आपल्या खळग्याशीं येऊन ठेपते, आणि काटा शून्यावर परततो. इतकी साधी युक्ति. पण यांत्रिक घड्याळांत ती आजहि चालू आहे. १९३४ सालीं ब्राइटलिंगनें दुसरी कळ बसविली आणि आज दिसतें तें रूप पूर्ण झालें.

मुंबईस स्विस घड्याळांची ओळख जुनी आहे. फेवर ल्यूबा ही पेढी एकोणिसाव्या शतकांतच येथें आली. 'वेस्ट एंड वॉच कंपनी' हें नांव १८८६ मध्यें हिंदुस्थानच्या बाजारासाठींच धारण करण्यांत आलें. महालक्ष्मीस घोड्यांच्या शर्यती १८८३ पासून भरूं लागल्या, आणि १९३२ च्या १५ ऑक्टोबरास जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले तो जुहूचा विमानतळ आमच्या सांताक्रूझच्या कुशींतलाच. शर्यत आणि विमान, या दोहोंनींच क्रोनोग्राफास वाढविलें.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वांचविण्यासाठीं घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. १९६१ पासून बंगलोरच्या एच. एम. टी.नें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें देशी घड्याळें दिलीं. तीं चांगलीं होतीं, पण मुख्यतः नुसती वेळ दाखविणारीं. ज्यांना क्रोनोग्राफ हवा, त्यांना परदेशाहून परतणाऱ्या आप्ताची पेटी किंवा चोरट्या व्यापाराचा माल, हेच मार्ग उरले. सांताक्रूझच्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यांनीं प्रवाशांच्या मनगटांकडे निरखून पाहावें, असा तो काळ होता. घड्याळ या वाटेनें येई. सुटे भाग येत नसत. दमट हवेनें तबकडी काळवंडली, काटा मोडला, तर घड्याळ टाकून द्यावें किंवा चोरबाजाराच्या आसपासच्या कारागिराच्या हातीं सोंपवावें, याखेरीज मालकास गति नव्हती. कारागीर जुना रंग खरवडून नवा चढवी, अक्षरें पुन्हां छापी आणि मेलेल्या दोन घड्याळांतून एक जिवंत करी. तांब्या-पितळेच्या भांड्यांस कल्हई करविणाऱ्या गृहस्थास यांत गैर कांहींच वाटलें नाहीं, आणि मलाहि वाटत नाहीं. फसवणूक सुरू झाली ती पुढें, इंटरनेटच्या द्वारें परदेशचें गिऱ्हाईक आलें आणि तेंच रंगविलेलें घड्याळ 'मूळचें' म्हणून विकलें जाऊं लागलें तेव्हां.

दरम्यान मोलाची कसोटीच बदलली होती. १९६९ मध्यें मनगटाच्या हालचालीनें आपोआप किल्ली मिळणारे पहिले क्रोनोग्राफ झेनिथ, सीको आणि ह्यूअर-ब्राइटलिंग यांचा गट, यांनीं जवळजवळ एकाच वेळीं काढले. आणि त्याच वर्षींच्या नाताळांत सीकोनें क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारें घड्याळ आणून यांत्रिक घड्याळजींच्या पोटावर पाय आणला. १९७५ मध्यें झेनिथच्या अमेरिकन मालकांनीं हें काम बंद करून सामग्री मोडींत काढण्याचा हुकूम दिला. शार्ल वर्मो नांवाच्या कारागिरानें तो न जुमानतां हत्यारें आणि नोंदी कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेविल्या. त्यांच्याच बळावर तें यंत्र पुन्हां सुरू झालें, आणि १९८८ पासून २००० पर्यंत रोलेक्सच्या डेटोना घड्याळांत बऱ्याच फेरफारानें तेंच धडधडत होतें. हें यंत्राचें मोल झालें. परंतु २०१७ मध्यें पॉल न्यूमन या नटाचा जुना डेटोना न्यूयॉर्कच्या लिलांवांत १ कोटी ७७ लक्ष डॉलरांस गेला, तो यंत्रासाठीं नव्हे. तसल्या तबकडीचीं घड्याळें एके काळीं दुकानांत पडून राहत. ग्राहकानें पैसे मोजले ते ती तबकडी त्या मनुष्याच्या मनगटावरून तशीच आली म्हणून.

केवळ यंत्र म्हणून पाहिल्यास नवेंच श्रेष्ठ, याविषयीं मला शंका नाहीं. रोलेक्सनें २००० मध्यें काढलेलें ४१३० क्रमांकाचें यंत्र एकदां किल्ली भरल्यावर सुमारें ७२ तास चालतें. पेटींत पाणी शिरत नाहीं, कांचेवर सहसा ओरखडा उठत नाहीं. मात्र नव्याच्या किंमतींत भरंवसा नाहीं. निवडक नमुने सोडले तर बहुतेक घड्याळें दुकानाबाहेर पडतांच उतरतात, आणि त्या निवडक नमुन्यांचे भावहि २०२२ च्या आरंभीं शिगेस पोहोंचून खालीं आले. जुन्यांची संख्या वाढत नाहीं, हा त्यांचा मोठा आधार. आणि म्हणूनच ती वाढविण्याचा मोहहि मोठा.

'मुंबई स्पेशल' म्हणून हंसणाऱ्यांनीं या संबंधांत जिनीव्हाकडे पाहावें. २०२१ मध्यें तेथील लिलांवांत ओमेगाच्या स्पीडमास्टरचा एक आरंभींचा नमुना ३१ लक्ष फ्रँकांहून अधिक किंमतीस गेला. काळी तबकडी काळानें तपकिरी झालेली, म्हणून एवढें मोल! २०२३ मध्यें उघडकीस आलें कीं, तें घड्याळ निरनिराळ्या ठिकाणचे भाग जुळवून बनविलें होतें. विकत घेणारें होतें खुद्द ओमेगाचें संग्रहालय, आणि कारस्थानांत आपलेच माजी नोकर होते, असें कंपनीनेंच जाहीर केलें. आमच्या गल्लींतील कारागिराचें काम याहून निराळें काय? त्याला कांहींशें रुपये मिळाले, आणि त्याची भडक लाल-निळी तबकडी जाणत्यास दुरूनहि ओळखूं येते, एवढेंच.

घरांत जुना क्रोनोग्राफ निघाला कीं तो आधीं चमकवून आणावा, ही आपली रीत येथें महागांत पडते. पिवळी पडलेली टिकली आणि झिजलेली पेटी यांसच संग्राहक पैसे मोजतो. पण तबकडी पूर्वींच रंगविली गेली असली, तरी सर्व कांहीं गेलें असें नाहीं. मागचें झांकण काढलें म्हणजे यंत्रावर कोरलेला अंक दिसतो. त्याला रंगाऱ्याचा हात लागत नाहीं. लाँजीनसारख्या कारखान्यानें आपल्या हस्तलिखित नोंदवह्या जपून ठेविल्या आहेत, आणि अंक कळविल्यास तें घड्याळ केव्हां, कोणत्या पेढीच्या नांवें रवाना झालें, याची नोंद तेथून मिळूं शकते.