‘मेस’ शब्दाची कुळकथा

परगावाहून नागपुरास शिकावयास आलेला मुलगा खोलीमागोमाग शोधतो ती मेस. हा शब्द आपल्या जिभेवर इतका रुळला आहे, की तो परका वाटतच नाही. म्हणून त्याचे कुळ थोडे तपासून पाहिले.

लॅटिनमधील ‘पाठविणे, ठेवणे’ या अर्थाच्या धातूपासून तो निघाला आणि जुन्या फ्रेंचमधून १३ व्या शतकात इंग्रजीत आला. तेव्हा मेस म्हणजे पानात वाढलेला पदार्थ. पुढे एकत्र जेवणाऱ्या मंडळींना, बहुधा चौघांच्या गटाला, मेस म्हणू लागले. १६ व्या शतकात तो शब्द फौजेत शिरला. आपल्याकडे १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली, १८२१ साली कामठीची छावणी वसली. आणि पलटण आली तेथे तिची मेस आलीच. पुढे हिस्लॉप कॉलेज १८८३ साली, मॉरिस कॉलेज १८८५ साली आणि विद्यापीठ १९२३ साली निघाले. वऱ्हाडातली, भंडारा-चांद्याकडली मुले येथे राहू लागली. पलटणीचा शब्द आज त्यांच्या वरण-भात-पोळीला लागला आहे.

इंग्रजीत मेसचा दुसरा अर्थ ‘घोळ, पसारा’. कालवलेल्या अन्नावरून १९ व्या शतकात तो रूढ झाला. मात्र पलटणीच्या मेसला आचारी, वाढपी, हिशेबनीस असतात. आपल्या गल्लीतली मेस पुष्कळदा एकट्या बाईच्या हातांवर चालते. घोळ होऊ न देणारी तीच! तरीही तिच्या कष्टांना ‘घरचेच काम’ म्हणून कोणी धंद्यात धरीत नाही.

मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांचीही हीच गत होती. उसनवारी सावकाराकडे, व्याज डोईजड. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. रांधणे हा धंदा आहे, हे बँकेने मानले; मग घरच्यांनाही मानावे लागले.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपापल्या मोहल्ल्यात मेस चालविणाऱ्या भगिनीस मंडळाची सभासद करून घ्यावे. बँकेचा अर्ज भरताना तिच्याबरोबर आपल्यापैकी एकीने जावे. आपली मुले तिच्याकडे जेवत असतील, तर महिन्याचे पैसे वेळेवर पोचवावे आणि खाडा आदल्या दिवशी कळवावा. एकत्र जेवणाऱ्यांची ती मेस, हे खरे. पण त्या पंगतीत रांधणारीचेही पान मांडलेले असावे.